खलिया, शू केलीस का?

ऑफिसमध्ये माझी एक सवय फेमस आहे. दुपारी एकच्या सुमारास, डबा उघडायच्या आधी मी घरी फोन लावते आणि विचारते, 'शू केली का?' पलीकडून उत्तर येतं, 'दोन गोळे.' मी 'थँक गॉड' म्हणते आणि भाजीकडे वळते. नवीन जॉइन झालेली मंडळी आधी कौतुकाने बघतात. घरी तान्हं बाळ असणार! मग कोणीतरी हळूच सांगतं, 'अरे बाळ नाही, बोका आहे.' त्यानंतर ते माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर आता मला पाठ झालीय.

हसा, हसा. मीही हसायचे. मे २०२२च्या त्या गुरुवारपर्यंत.

आधी हिरोची एंट्री. खलिया मला जानेवारी २०२१मध्ये शहागंजच्या बाजूला सापडला. रूममेटला नान-खलिया खायचा होता, मी शाकाहारी, त्यामुळे मी बाहेर ताटकळत उभी. पायाशी एक मूठभर पिल्लू येऊन बसलं. रंग अगदी तर्रीसारखा केशरी. पार्सलबरोबर तेही घरी आलं. नाव ठेवायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सातव्या महिन्यात नसबंदी झाली, मग साहेब सुटले ते सुटलेच. दीड वर्षाचा होईपर्यंत सहा किलो! दिवसभर खिडकीत लोळायचं, सकाळ-संध्याकाळ वाटीभर कोरडं, कुरकुरीत कॅट फूड, रात्री माझ्या पायावर झोप. मी वाळूजला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला. सकाळी सातला कंपनीची बस सिडकोतून निघते, जालना रोड, क्रांती चौक, बाबा पेट्रोल पंप, नगर नाका असं करत वाळूज. घरी परत यायला साडेसात-आठ. अशा पोरीला दुसरं काय झेपणार? कोरडं फूड वाटीत ओतलं की झालं. नो टेन्शन.

तो मे महिना आठवतोय ना? शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, २०२३मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झालं. पण नावावरून नव्हे, पाण्यावरून शहर पेटलं होतं. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी. पाण्यासाठी मोर्चा निघाला, पेपरात रोज तेच. जायकवाडीत पाणी आणि आमच्या सिडकोत ठणठणाट! आमच्याकडे दोन निळे ड्रम आणि एक पिंप, त्यावर आठवडा काढायचा. बादलीला मग लावून हिशोब. भांडी घासलेलं पाणी कुंडीत. अशा दिवसांत मांजराच्या वाटीतलं पाणी रोज ओतून देऊन नवीन भरायचं म्हणजे पापच की. मी काय करायचे, वरून थोडं टाकायचे. टॉप-अप. वाटीच्या कडेला हिरवट चिकट रेघ आली होती. ती मला दिसत होती, हे आज कबूल करते.

त्याच महिन्यात रूममेटचं लग्न झालं आणि ती नाशिकला गेली. तिच्या जागी पंधरा दिवसांसाठी बीडहून माझी आई आली. आईला मांजर म्हटलं की आडवं गेलेलं आठवतं, उभं राहिलेलं कधीच नाही. आल्या आल्या तिने घर लावायला घेतलं. खलियाचा रेतीचा ट्रे बाल्कनीत असायचा. 'तुळशीशेजारी हे काय?' म्हणून ट्रेची बदली बाथरूममध्ये, वॉशिंग मशीनच्या बाजूला. मशीन स्पिनला लागलं की अख्खी फरशी थरथरायची. खलियाची लाडकी माणूस गेली, नवी माणूस आली, संडासची जागा बदलली, पाणी शिळं. त्याला विचारतंय कोण? मला तर शुक्रवारी कस्टमर ऑडिट होतं. तीन वर्षांत पहिलं मोठं ऑडिट, आणि डॉक्युमेंटेशन माझ्या गळ्यात.

बुधवारी रात्री मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि खलिया सारखा बाथरूममध्ये जात होता. जायचा, रेती उकरायचा, पाठ वाकवून बसायचा, बाहेर यायचा, पुन्हा जायचा. पाच-सहा वेळा तरी. मधेच बसून खालची बाजू चाटत राहायचा. मी म्हटलं, 'काय रे, नवीन टॉयलेट आवडलं का?' गुरुवारी सकाळी ट्रे चाळायला गेले तर ट्रे कोरा. एकही गोळा नाही. आणि मी, क्वालिटीवाली, डिफेक्ट शोधायचा पगार घेणारी, मी काय केलं असेल? खूश झाले! चला, आज चाळायला नको, बस मिळेल.

हे वाक्य लिहिताना आजही कसंतरी होतं.

अकरा वाजता आईचा फोन. 'तुझं मांजर न्हाणीत बसून रडतंय गं. बाळ रडल्यासारखं.' मी मीटिंगमधून बाहेर येऊन म्हटलं, 'आई, त्याला संडासला होत नसेल. कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठच.' दोघींनी मिळून निदान केलं आणि आईने इलाजही केला. कोमट दुधात चमचाभर तूप. माझ्या लहानपणीचा रामबाण. तिचा बिचारीचा काय दोष, मीच तसं सांगितलं होतं. चार वाजता पुन्हा फोन: ओकला. मी म्हटलं, तुपानेच ओकला असेल. बघा, प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे कारण तयार होतं. ऑडिटच्या आदल्या दिवशी सगळे करतात तसंच.

संध्याकाळी आई उस्मानपुऱ्यात एका हळदीला गेली. मी साडेआठला घरी आले तर खलिया दारात नाही. पलंगाखाली, अगदी कोपऱ्यात, पाय पोटाखाली घेऊन बसलेला. हात लावला तर गुरकावला. माझ्यावर! जन्मात पहिल्यांदा. तेव्हा कुठे पोटात गोळा आला. फोन सुरू केले. एका ठिकाणी कोणी उचलला नाही. दुसरीकडे सांगितलं, संडासला होत नाही ना, मग सकाळी आणा. माझी माहितीच चुकीची, तर त्यांचा सल्ला बरोबर कसा असणार? मीही 'बरं' म्हटलं. सकाळी म्हणजे ऑडिट, मग ऑडिटनंतर... असं डोक्यात चालू झालं होतं.

नऊच्या सुमारास आई परत आली. तिला सोडायला किराडपुऱ्याचे आमचे नेहमीचे रिक्षावाले चाचा आले होते. हळदीतलं कसलंसं जड बोचकं वरपर्यंत आणून दिलं त्यांनी. दारातच थांबले. आतून तो आवाज आला. म्याव नव्हे, लांब, खालच्या पट्टीतला, घोगरा.

'बेटा, ये बिल्ला ऐसा कैको रो रा?'

'चाचा, पेट साफ नहीं हुआ उसका.'

चाचांनी मान हलवली. 'पेशाब किया क्या इने आज?'

मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. खोलीत कोणी बोलेना.

'मेरे बकरे को हुआ था,' चाचा म्हणाले. 'ईद के दो म्हयने पैले. ऐसाच कुंथता था. सब बोले पेट में गैस है. पेशाब बंद था उसका. चलो, बैठो गाडी में.'

चाचा घरी बोकड पाळतात. आता मला कळलंय की मराठवाड्यात ज्यांच्या दावणीला बोकड किंवा बैल असतात, त्यांना हा आजार नवा नसतो. नराची लघवीची नळी लांब आणि बारीक. खुराक जास्त, पाणी कमी झालं की खडा किंवा रेतीसारखा कचरा नळीत अडकतो आणि लघवी तुंबते. बोकडाचं जे होतं, तेच बोक्याचं. फक्त बोक्याची नळी टोकाला इतकी बारीक, की अडकायला खडाही लागत नाही. थोडी रेती आणि शेंबडासारखा चिकट पदार्थ एकत्र आला की बूच तयार. मांजरीची, म्हणजे मादीची नळी आखूड आणि रुंद, त्यामुळे तिची लघवी अशी क्वचितच तुंबते. माझ्या शेल्फवर मांजरांवरची दोन इंग्रजी पुस्तकं होती हो, चकचकीत फोटोवाली. पण वाचवलं चाचांच्या बोकडाने!

गारखेड्याकडे एक डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहतात, हेही चाचांनाच माहीत. शटर अर्धं वर झालं. डॉक्टरांनी खलियाला टेबलवर ठेवलं, दोन बोटांनी पोट चाचपलं आणि मला म्हणाले, 'अलगद हात लावून बघा. दाबू नका, फुटू शकतं.' मी बोट टेकवलं. क्रिकेटचा बॉल. खराखुरा, कडक, गोल. ती त्याची लघवीची पिशवी होती.

'शेवटची शू कधी केली?'

साधा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं. बुधवारी सकाळी ट्रेमध्ये काही होतं का? मंगळवारी? कंपनीत मशीनचा कूलंट किती लिटर गेला हे मी शिफ्टवार सांगू शकते.

मग त्यांनी स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. मांजराचे ठोके मिनिटाला दीडशेच्या पुढे, दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे तर दोनशेच्या आसपास असतात. खलियाचे शंभर-एकशेदहा. मला वाटलं, शांत आहे. डॉक्टर म्हणाले, 'शांत नाही, बुडतोय.' रक्त तपासायला घेतलं, पण रिपोर्टची वाट न बघता सलाइन सुरू झालं.

ते नंतर त्यांनी मला नीट समजावलं, आणि मला वाटतं हे प्रत्येक बोकेवाल्याला ठाऊक हवं. लघवी बाहेर पडली नाही की पिशवी फुगते, एवढंच होत नाही. दाब मागे किडनीपर्यंत जातो, किडनीचं काम थांबतं. जे शरीराबाहेर जायला हवं ते रक्तात साचतं. युरिया, क्रिएटिनिन, आणि सगळ्यात डेंजरस म्हणजे पोटॅशियम. पोटॅशियम वाढलं की हृदयाची विजेची वायरिंगच बिघडते. ठोके मंदावतात आणि मग एका क्षणी थांबतात. पूर्ण तुंबलेला बोका चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मरणाच्या दारात पोचतो, तीन दिवस तर क्वचितच काढतो. मी जो 'सकाळी, ऑडिटनंतर' म्हणत होते ना, ती सकाळ बहुधा आलीच नसती.

आधी हृदय सांभाळायला शिरेतून कॅल्शियम. मग थोडी भूल. मग बारीक कॅथेटर घालून सलाइनच्या धारेने ते बूच मागे ढकलायचं. दोनदा जमलं नाही. मी भिंतीला टेकून उभी. आई बाहेर बाकड्यावर काहीतरी पुटपुटत होती, रामरक्षा असावी. मांजरासाठी! तिसऱ्यांदा नळीतून आधी खरखरीत पांढरं काहीतरी आलं आणि मग लाल लघवी. चहाच्या अर्कासारखी लाल. ट्रेमध्ये येतच राहिली. चाचा दारातून म्हणाले, 'या अल्लाह, शुकर है.' रात्रीचे पावणेबारा.

कॅथेटर टाके घालून तसाच ठेवायचा होता, दोनेक दिवस. त्याला पिशवी लावलेली, सलाइन चालू. कारण तुंबलेलं मोकळं झालं की किडन्या भरमसाट लघवी सोडायला लागतात, आणि तेवढं पाणी भरून काढलं नाही तर पुन्हा धोका. म्हणजे दर काही तासांनी पिशवीत किती मिली जमलं हे कोणीतरी लिहून ठेवायला हवं. डॉक्टरांकडे एकच मदतनीस. आणि सकाळी नऊला माझं ऑडिट.

'तू जा,' आई म्हणाली. 'मी बसते.'

मी काहीही बोलले नाही. बोलले असते तर रडले असते.

शुक्रवारी मी कॉन्फरन्स रूममध्ये ऑडिटरला कंट्रोल प्लॅन दाखवत होते आणि फोन टेबलाखाली थरथरत होता. आईला व्हॉट्सअॅपवर टाइप करायचा कंटाळा, ती व्हॉइस मेसेज पाठवते. लंच ब्रेकला जिन्यात उभं राहून ऐकले. 'सकाळी दहा वाजता ऐंशी झाली. रंग अजून लालच आहे.' 'बारा वाजता आणखी साठ. आता गुलाबी म्हणता येईल.' 'अगं, मघाशी डोळे उघडले त्याने. माझ्याकडे बघितलं.' मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज, आणि मग हळू आवाजात, मेसेज बंद करायला विसरून, खलियाशी बोलणं: 'सोन्या, झोप. झोप हं.' वीस वर्षं जिने आमच्या अंगणात मांजर टिकू दिलं नाही, ती बाई ही!

ऑडिटमध्ये दोन मायनर पॉइंट निघाले. बॉसने विचारलं, लक्ष कुठे होतं? मी खरं सांगितलं. तो क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, 'व्हाय-व्हाय कर आणि क्लोज कर.' त्याला म्हणायचं होतं ऑडिट पॉइंटचं. मी केलं दोन्हींचं.

लघवी का तुंबली? नळीत बूच बसलं. का बसलं? पिशवी आतून सुजली होती आणि लघवी घट्ट झाली होती, त्यात स्फटिक तयार झाले. घट्ट का झाली? पाणी पोटात जात नव्हतं. इथे डॉक्टरांनी मला एक भारी गोष्ट सांगितली. आपल्या मांजरांचे पूर्वज वाळवंटी मुलखातले. पाणी शोधत फिरायचं त्यांना माहीतच नाही, शिकारीच्या अंगातलं पाणी तेच त्यांचं पाणी. उंदरात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाकिटातल्या कोरड्या फूडमध्ये दहा टक्के! बाकीचं त्याने वाटीतून प्यायला हवं, आणि तहानेची जाणीवच कमी असलेला प्राणी ते पीत नाही. मग त्याच्या किडन्या तेवढ्याच पाण्यात भागवतात, लघवी आटवून आटवून. सहा किलोच्या बोक्याला अन्नातलं धरून दिवसाला साधारण तीनशे मिली पाणी हवं. माझ्या टॉप-अपच्या वाटीतून किती जात असेल?

आणि पिशवी का सुजली? मला वाटलं इन्फेक्शन. बहुतेकांना तेच वाटतं, आणि घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू होतं. डॉक्टर म्हणाले, तरुण बोक्यांत जंतू क्वचितच सापडतात. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, पण मांजराच्या डोक्यावरचा ताण हा त्यातला मोठा खेळाडू. हो, स्ट्रेस! आपल्याला डेडलाइनमुळे अॅसिडिटी होते ना, तसं मांजराचं मूत्राशय. लाडकं माणूस जाणं, पाहुणे, घराला रंग, खिडकीबाहेर ठाण मांडलेला दुसरा बोका, हललेला ट्रे. आमच्याकडे एका महिन्यात अर्धी यादी झाली होती.

मी डॉक्टरांना बोअरच्या जड पाण्याचंही विचारलं. शेजारच्या काकू छातीठोकपणे सांगत होत्या की टँकरच्या क्षारामुळेच झालं. डॉक्टर हसले. पाणी कुठलं यापेक्षा किती, हे बघा म्हणाले. नसबंदीवरही लोक बोट ठेवतात. तर नसबंदीने नळी बारीक होते असं नाही, पण नंतर बोका खातो तेवढंच आणि हलतो कमी, जाड होतो, आणि जाड, घरबश्या बोक्यांत हा प्रकार जास्त. बाकी आईचं दूध-तूप निरुपयोगी असलं तरी जीवघेणं नव्हतं. रात्री मी पर्समधली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी द्यायच्या विचारात होते, ती मात्र मांजराला विष आहे. एका गोळीनेही मांजर मरू शकतं. ती गोळी हातात घेतली तेव्हाच चाचांची रिक्षा खाली वाजली. त्यावर मी फार विचार करत नाही.

रविवारी कॅथेटर काढला. स्वतःहून शू केल्याशिवाय सोडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आम्ही दोघी पिंजऱ्यासमोर स्टुलावर. साडेचार तास! मग साहेबांनी रेती उकरली, बसले, आणि झाली. आईने टाळ्या वाजवल्या. बिल माझ्या महिन्याच्या घरभाड्याच्या दुपटीच्या जवळ गेलं, गोव्याची ट्रिप कॅन्सल.

घरी आल्यावरचा आठवडा जास्त कठीण होता, कारण पुन्हा तुंबायची भीती पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त. वेदना कमी करायची गोळी, नळी सैल ठेवायची गोळी, आणि रात्री दोनचा अलार्म लावून ट्रे बघणं. तपासणीत स्फटिक स्ट्रुव्हाइटचे निघाले. ते विरघळवणारं खास फूड डॉक्टरच्या सल्ल्याने मिळतं, ते काही महिने दिलं. ऑक्झलेट नावाचे दुसरे असतात, ते कुठल्याच खाण्याने विरघळत नाहीत. म्हणून दुकानात 'युरिनरी' लिहिलेलं पाकीट बघून स्वतःच डॉक्टर होऊ नका. पुन्हा पुन्हा तुंबणाऱ्या बोक्यांची ऑपरेशन करून वाट रुंद करतात, पण तिथवर आमची गाडी गेली नाही.

आता घरात काय बदललं म्हणाल, तर ट्रे दोन. जितकी मांजरं त्याहून एक जास्त, असा नियम आहे. एक बाल्कनीत, तुळस सरकवून. सरकवली आईनेच. गोळे होणारी रेती, म्हणजे मोजता येतं. दिवसाला दोन ते चार गोळे, ठीकठाक आकाराचे. लिंबाएवढे असतील तर उत्तम, वाटाण्याएवढे खूप सारे असतील तर धोक्याची घंटा. पाण्याची चार रुंद भांडी, ट्रेपासून लांब, रोज धुतलेली. कोरडं फूड मूठभरच, बाकी ओलं. आई कांदा-लसूण-मीठ न घालता चिकन उकडते. शाकाहारी बाई, नाकाला पदर लावून, पण उकडते! त्याचं पाणीही तो चाटूनपुसून पितो. वजन पावणेपाचवर आणलं, त्यासाठी रोज रात्री पंधरा मिनिटं दोरीला बांधलेल्या चिंधीमागे त्याला पळवते. पळते मीच जास्त.

एक गंमत सांगते. बऱ्याच मांजरांना साठलेल्यापेक्षा वाहतं पाणी आवडतं. खलिया तर नळाखाली तोंड घालून पितो. ज्या शहरात आठ दिवसांनी नळ येत होता, तिथे! मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी या गावात नहरीचं पाणी खेळवलं, पाणचक्की बघायला लोक लांबून येतात, आणि माझ्या बोक्यासाठी मी ऑनलाइन प्लास्टिकचं कारंजं मागवलं. तेच दीड लिटर पाणी गोल फिरत राहतं. आईच्या हिशोबात बसलं ते.

तरीही सप्टेंबर २०२३मध्ये, गणपतीत, ढोल-ताशांची प्रॅक्टिस आमच्याच गल्लीच्या तोंडाशी सुरू झाली आणि एका संध्याकाळी आईचा फोन आला. 'तीनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा थेंबच पडला.' मी रिझन नाही विचारलं, उत्तर नाही शोधलं. बॅग उचलली. चाचा खालीच होते. वीस मिनिटांत आम्ही दवाखान्यात. पिशवी मऊ होती, छोटी. सूज आली होती, तुंबलं नव्हतं. वेदनाशामक, भरपूर पाणी, आणि ढोल संपेपर्यंत मागच्या खोलीत कपाटाखाली त्याचं अंथरूण. डॉक्टर आईला म्हणाले, 'काकू, बरोबर वेळेवर आणलंत.' पाच दिवस तेच वाक्य घरात ऐकायला मिळालं.

दोन कामं मात्र आजच करून ठेवा, बोका असेल तर. रात्री कोणता डॉक्टर दार उघडतो ते आत्ता, तो ठणठणीत असताना शोधा. खडकेश्वरचा सरकारी पशुदवाखाना मी इतकी वर्षं फक्त गाई-म्हशींचा समजत होते, म्हणजे माझी तयारी किती होती ते कळेल. आणि फोनवर 'कुंथतोय' म्हणू नका. 'नर आहे, सकाळपासून लघवी झालेली नाही,' असं म्हणा. त्या रात्री मी हे एक वाक्य बोलले असते, तर 'सकाळी आणा' असं कोणीच म्हटलं नसतं.

पंधरा दिवसांसाठी आलेली आई आता वर्षातले आठ महिने माझ्याकडेच असते. मागच्या महिन्यात बीडला एका लग्नाला गेली होती. रात्री साडेअकराला फोन वाजला. मागे बँड, आई ओरडून बोलत होती.

'किती झाले गं?'

'तीन.'

'आकार?'

'लिंबाएवढे, आई.'

'बरं. तू जेवलीस का?'